आईची फ्रेंच बाई

आईला ती बाई पहिल्यांदा आवडली ती इस्त्रीमुळे.

"उभी राहून लिहायची? इस्त्रीच्या टेबलावर?" आईने विचारलं.

"हो. धोबिणीची मुलगी होती. आई गेल्यावर हिने दुकान विकलं, पण ते टेबल ठेवून घेतलं. सगळ्या कादंबऱ्या त्यावरच लिहिल्या. एका हस्तलिखितावर म्हणे इस्त्रीचा डागसुद्धा आहे."

"अगं बाई, पाय दुखत नव्हते का तुझे?" आई म्हणाली. हे मला उद्देशून नव्हतं. फ्रान्सच्या कुठल्याशा बंदराच्या गावात राहून गेलेल्या, केव्हाच जग सोडून गेलेल्या त्या बाईला उद्देशून होतं. आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, अंगावर शाल, पायांत लोकरीचे मोजे आणि खाली मोज्यांवरच घालायच्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता. बाबा गेल्यापासून तिने पहिल्यांदा कुणालातरी आपण होऊन प्रश्न विचारला होता. मी पुस्तकातून मान वर केली नाही. केली असती तर मला रडू आलं असतं.

२०१४चा हिवाळा होता तो. बाबा आदल्या वर्षी गेले, आणि मी आईला व्हिजिटर व्हिसावर इथे किवींच्या देशात, पापाकुराला माझ्या घरी घेऊन आलो. पुण्यात ती टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. नोकरीच्या काळात आणि नंतरही, वाचनालयातलं जाडजूड पुस्तक ती दोन दिवसांत परत करायची. पण आता तिच्या डोळ्यांचा मधला भाग गेला होता. कडेचं दिसायचं, मधलं नाही. माणसाकडे बघायचं असलं की ती मान फिरवून भलतीकडे बघते, तेव्हा कुठे तो माणूस तिला दिसतो. अक्षरं तर संपलीच होती. दिवसभर ती खिडकीशी बसून शेजाऱ्यांच्या अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांच्या दिशेला बघायची. "काही हवंय का?" म्हटलं की "काही नको." खरं सांगायचं तर सकाळी न्यू लिनच्या ऑफिसला जायला ट्रेनमध्ये बसलो की मला सुटल्यासारखं वाटायचं. आणि मग तसं वाटल्याची लाज दिवसभर पुरायची.

पापाकुराच्या लायब्ररीत एका शनिवारी जुनी पुस्तकं विकायला काढली होती. मी तिथे लेकीबरोबर गेलो होतो. एका जाड चरित्राच्या मुखपृष्ठावर ही बाई होती. बाह्या वर सारलेल्या, हात टेबलावर टेकलेले, आणि फोटो काढणाऱ्यावर स्पष्ट वैतागलेली. का कोण जाणे, मला ट्रंक एक्स्चेंजमधून घरी आलेली आई आठवली. बाईचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. आईला ते पुस्तक संपेपर्यंत उच्चारता आलं नाही आणि मलाही नीट येत नाही, त्यामुळे आमच्या घरात ती 'फ्रेंच बाई'च राहिली. इथेही तेच म्हणतो.

वाचनाची पद्धत आईनेच ठरवली. तिच्या लहानपणी तिची आत्या पोथी वाचायची आणि सगळ्या बायका ऐकायच्या, तशी. जेवण झालं की भांडी आवरून मी खुर्चीत बसायचो. डोळे इंग्रजीवर, तोंडाने मराठी. वाचताना मधे उठायचं नाही, फोन बघायचा नाही, आणि अध्याय अर्ध्यात सोडायचा नाही. आत्याचा नियम असा होता की खंड पडला तर पुन्हा पहिल्या अध्यायापासून. आई हे हसत सांगायची, पण एकदा फोन वाजल्यावर मी उठलो तर तिने ते प्रकरण खरंच पुन्हा वाचायला लावलं.

आणि काय ते प्रकरणांमागून प्रकरणं! मी इतका उत्साहाने पेटलेला माणूस कधीच नव्हतो. फ्रेंच बाईला तिच्या नवऱ्याने लिहायला शिकवलं. तो गावातला शाळामास्तर. धोबिणीच्या मुलीशी लग्न केलं म्हणून त्याच्या घरच्यांनी त्याला तोडलं. तो रात्री शाळेच्या वह्या तपासायचा आणि ही समोर बसून त्याच शाईने आपली पानं भरायची. ही त्याच्यावर जीव टाकायची. त्याचं छातीचं दुखणं वाढलं तेव्हा त्याला उशीला टेकवून बसवून हिने आपली पहिली कादंबरी त्याला वाचून दाखवली, आणि तो खोकत खोकत स्वल्पविराम सांगत राहिला. ती कादंबरी मिठागरात काम करणाऱ्या बायकांची. तिचं इंग्रजी भाषांतर मी दुसऱ्या लायब्ररीतून मागवलं. आईने तिचं नाव ठेवलं 'मिठाची'. दुसरी दीपगृहावर राहणाऱ्या जोडप्याची, ती 'दिव्याची'. ट्रेनमध्ये पुढची प्रकरणं आधी वाचून ठेवताना माझं स्टेशन मागे गेलं आणि मी पुढच्या स्टेशनवरून चालत ऑफिसला आलो. उशीर का झाला म्हणून विचारलं तेव्हा मी माझ्या साहेबीणबाईला खरं सांगितलं. "एका फ्रेंच बाईमुळे." "स्वीट ॲझ," ती म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', आणि डोळा मारला.

घरी आई मला दारातच गाठायची. "मास्तर गेले का रे?"

"आज जाणार."

"मग जेवण लवकर उरकू या."

मास्तर गेले त्या संध्याकाळी आईने पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलं. मग म्हणाली, "हिने निदान वाचून दाखवलं त्याला. मी तुझ्या बाबांना काय वाचून दाखवलं? लाइट बिल."

घोळ झाला तो यानंतर.

मास्तर गेल्यावर काही वर्षांनी फ्रेंच बाई शेजारच्या गावातल्या चर्चमध्ये गेली. तिथला ऑर्गन बिघडला होता. भिंतीएवढा मोठा, माणूस आत शिरेल एवढ्या नळ्यांचा. त्याच्या आतून शिडीवरून कुणीतरी खाली उतरलं. विजार घातलेली, केस धुळीने पांढरे झालेले, हातात पाना. गावोगाव फिरून चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करणारी एक बाई. या दोघी पुढे कित्येक वर्षं एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर एकत्र राहिल्या. चरित्रात स्पष्ट लिहिलं होतं की त्यांचं प्रेम होतं, आणि ते मैत्रीतलं नव्हतं, नवराबायकोतलं होतं.

मी हे ट्रेनमध्ये आधी वाचलं होतं. वाचताना आनंदच झाला होता. ऑफिसात माझी साहेबीणबाई तिच्या बायकोबद्दल सगळ्यांसारखं सहज बोलायची. आदल्या वर्षी समलिंगी लग्नाचा कायदा झाल्यावर तिने लग्न केलं, तेव्हा मी कार्डावर सही केली होती, चार ओळी लिहिल्या होत्या, केक खाल्ला होता. इंग्रजीत मी अगदी पुढारलेला माणूस होतो. पण संध्याकाळी आईसमोर खुर्चीत बसलो, ते वाक्य आलं, आणि मराठीत माझी जीभ टाळ्याला चिकटली. समोर आई, मागे तिचा देव्हारा, स्वयंपाकघरात बायको. मला वाटलं, हिला हे आवडलं नाही तर? ती म्हणाली की 'राहू दे रे, नको ते पुस्तक', आणि परत खिडकीशी जाऊन बसली तर?

"आणि शिडीवरून," मी म्हणालो, "एक माणूस खाली उतरला."

किती सहज जमलं ते! तिचे केस आखूड केले, विजार तर आधीच होती.

"आपल्याकडे नाटकात ऑर्गन असायचा तसा?" आईने विचारलं.

"त्याहून कितीतरी मोठा."

"आणि हा एकटा दुरुस्त करायचा? हुशार असेल."

पुढे पंधरवडाभर मी त्या माणसाला सांभाळत बसलो. आणि आईचा त्याच्यावर जीव बसला. दुसरा काही शब्द नाही. तो फ्रेंच बाईला थंडीत हात गरम करून द्यायचा. ती लिहीत असली की जिन्यावरून पाय न वाजवता यायचा. तिचं वाचलेलं ऐकताना डोळे मिटायचा, आणि मग सांगायचा की तिसऱ्या पानावर सूर उतरलाय. भांडी घासायचा. तिच्या आजारपणात त्याने तिचे केस विंचरले.

"असा पुरुष मी पाहिला नाही," आई एकदा म्हणाली. मी पान उलटत होतो. "तुझे बाबा वाईट नव्हते. पण मी रात्रपाळी करून आले की विचारायचे, चहा टाकतेस ना? अख्ख्या आयुष्यात मला कुणी विचारलं नाही की आज लाइनवर काय काय ऐकलंस. मी किती काय ऐकायचे रे. लोक लग्नं ठरवायचे, मोडायचे, कुणी नुसतंच रडायचं. ह्याने विचारलं असतं."

'ह्याने' म्हणजे मी बनवलेल्या माणसाने. माझ्या हातातलं पुस्तक जड झालं. ती गोष्ट तिने मला आयुष्यात पहिल्यांदा सांगितली होती आणि ती एका खोट्याच्या आधाराने सांगितली होती. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. उलट दुसऱ्या दिवशी त्या माणसाला मी मनचा एक संवादसुद्धा दिला.

पकडलं बायकोने. तिनेही ते चरित्र फोनवर उतरवून तिच्या ट्रेनमध्ये वाचायला घेतलं होतं, कारण घरात रोज तोच विषय. एका शनिवारी सकाळी ती चहाचा कप घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"हा बाप्या कोण?"

"कोण बाप्या?"

"आई मला दहा मिनिटं ज्याचं कौतुक सांगत होत्या तो. बाईच्या घरी भांडी घासणारा. पुस्तकात तर तो कुठे नाही."

मी पुस्तक सोफ्याच्या उशीखाली सरकवलं.

"अरे, तू त्या बिचारीला दाढी लावलीस की काय?"

"हळू बोल. आईसाठी केलं."

"आईंसाठी?" ती हसायची थांबली. "की स्वतःसाठी? तुला त्यांच्यासमोर बोलायला लाज वाटली म्हणून. आणि ऐक, गुरुवारच्या कट्ट्यावर पुढचं भाषण त्यांचं आहे. विषय ठाऊक आहे का? 'फ्रेंच बाई आणि तिचा ऑर्गनवाला'. त्यांनी कट्ट्याच्या काकांना सांगूनही टाकलंय."

गुरुवारचा कट्टा म्हणजे पापाकुराच्या लायब्ररीतल्या छोट्या खोलीत जमणारे, मुलांकडे राहायला आलेले मराठी आजीआजोबा. थर्मासमधला चहा, चिवडा, आणि दर वेळी एकाचं भाषण. आई आतापर्यंत तिथे जाऊन कोपऱ्यात बसायची आणि चिवडा न खाता परत यायची. आता तिचं भाषण होतं. ती घरात चालता चालता त्याची तयारी करत होती. लेकीला समोर बसवून बोलून दाखवत होती. लेक "ऑसम, आजी! हीप्स गुड!" म्हणून परत फोनमध्ये शिरायची. कुठली साडी नेसायची ते ठरलं होतं. खोलीभर माणसांसमोर माझी आई, जिने आयुष्यभर इतरांचे शब्द तसेच्या तसे पोचवले, माझं खोटं खरं म्हणून सांगणार होती. तिथल्या एखाद्या आजीच्या नातीने फोनवर शोधलं असतं की संपलं.

तरी मी गप्पच राहिलो असतो कदाचित. मी तसा आहे. पण त्याच दुपारी मी पुढचं प्रकरण वाचलं, आणि त्यात मीच होतो.

ऑर्गनवालीबरोबर राहायला लागल्यावर फ्रेंच बाईने तिच्यावरच कादंबरी लिहिली. प्रकाशक घाबरला. तो म्हणाला, हिला पुरुष कर, बाकी सगळं सुंदर आहे. बाईला पैशांची गरज होती, आणि थोडी भीतीही होती. तिने तसं केलं. कादंबरी गाजली. छापलेली प्रत ऑर्गनवालीने बेकरीच्या वरच्या खोलीत बसून वाचली, आपल्याला मिशा आलेल्या पाहिल्या, हत्यारांची पेटी उचलली आणि न भांडता निघून गेली. एक अख्खा हिवाळा ती लांबच्या गावांमधले ऑर्गन दुरुस्त करत राहिली. आणि इकडे फ्रेंच बाईने इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून ती कादंबरी पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिली, बाई ही बाई ठेवून. प्रकाशक मिळायला वर्षं गेली. आज जगात वाचतात ती हीच. प्रकाशकाची आवृत्ती कुणी वाचत नाही.

मी ते प्रकरण लागोपाठ पुन्हा वाचलं. माझे कान गरम झाले होते. त्या प्रकाशकाने केलं तेच मी केलं होतं, तेही त्याच बाईच्या बाबतीत, फ्रेंच बाईने एवढं करून सगळं निस्तरल्यावर. आणि गंमत म्हणजे लाजेच्या खालून मला प्रचंड आनंद होत होता. निस्तरता येतं! पुन्हा लिहिता येतं!

रविवारी आम्ही सगळे 'ते रापा' नावाच्या ठिकाणच्या दुकानांत जायला निघालो. आईला नवीन स्वेटर घ्यायचा होता, लेकीला टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे. हायवेवर बॉम्बे नावाची टेकडी लागते. आईला ते नाव इथे असण्याची फार मजा वाटते, आणि ते आलं की सांगायची ताकीद असते.

"आई, बॉम्बे आलं."

"आलं का? भेळ कुठे मिळते विचार."

सगळे हसले. मी म्हणालो, "आई, तो ऑर्गनवाला बाई होता."

मागच्या सीटवरून बायकोने हळूच श्वास सोडल्याचं ऐकू आलं.

"म्हणजे?"

"म्हणजे तो पुरुष नव्हताच. ती बाई होती. पुस्तकात पहिल्यापासून बाईच आहे. मी बदललं."

गाडी चालवताना समोर बघावं लागतं, हे किती बरं आहे. मी सगळं सांगितलं. शिडी, विजार, धूळ, बेकरीच्या वरचा मजला. मी मनाने घातलेला संवादही सांगितला. टेकडी मागे गेली. गवताची कुरणं, गाई, पाऊस आला, थांबला. मला वाटलं, झालं, खिडकी परत आली. ती खिडकीतूनच बाहेर बघत होती.

बऱ्याच वेळाने ती बोलली. आवाज थंड होता, एक्स्चेंजमधला.

"सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या पोरी आम्ही. रात्रभर कानाला हेडफोन. कोण कुणाशी काय बोलतंय सगळं ऐकू यायचं. आवडो न आवडो, आमचं काम जोडून द्यायचं. एकाचा शब्द आम्ही दुसऱ्याला बदलून सांगितला असता ना, तर नोकरी गेली असती. आणि जायलाच हवी होती."

"चुकलं, आई."

"तू काय ठरवलंस, मला पेलवणार नाही?"

"हो."

"मला काय पेलवतं ते तू ठरवणार? तुझ्या बापाची सगळी आजारपणं पेलली मी." मग म्हणाली, "आणि त्या बायकांना मी काय सांगून बसलेय! नाशिकच्या आजींनी तर विचारलं, असा माणूस त्यांच्या विधवा मुलीसाठी मिळेल का."

मागे लेक फिस्सकन हसली आणि बायकोने तिला चिमटा काढला असावा.

'ते रापा'ला दुकानांसमोर गाडी लावली. दूर दुधाच्या फॅक्टरीची वाफ वर जात होती. बायको म्हणाली, "आम्ही होतो पुढे," आणि लेकीला ओढत घेऊन गेली. आईने पट्टा सोडला नव्हता.

"पुस्तक आणलंयस?"

"आहे. बॅगेत."

"वाच. त्या शिडीपासून. जसं आहे तसं."

मग पार्किंगमध्ये, काचा बंद करून, मी पहिल्यांदा ते प्रकरण खरं वाचलं. आणि काय सांगू, ते किती पटींनी चांगलं होतं! मी बदलताना किती काय गाळलं होतं ते माझं मलाच तेव्हा कळलं. धुळीने भरलेले केस फ्रेंच बाईने चर्चच्या मागच्या विहिरीवर धुऊन दिले, ती जागाच मी उडवली होती, कारण पुरुषाचे एवढे लांब केस कुठून आणणार? गावातल्या बायका दोघींना पाहून रस्ता बदलायच्या, तेही गेलं होतं. आणि फ्रेंच बाईला पहिल्या रात्री मास्तरांची आठवण येऊन रडू आलं आणि ऑर्गनवालीने तिला मास्तरांबद्दलच विचारलं, तो कसा हसायचा, तो कसा वाचायचा, हे मी का गाळलं होतं कोण जाणे. घाईत असेन. मी वाचत होतो आणि माझा आवाज चढत होता. शेजारच्या गाडीतला माणूस बघायला लागला. मी थांबलो नाही.

प्रकरण संपलं. आई समोर बघत होती.

"म्हणजे," ती म्हणाली, "असा पुरुष नव्हताच तर."

"नव्हता."

तिच्या खांद्यांना हलकेच हिसका बसला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. शालीच्या टोकाने डोळे पुसत, श्वास लागेपर्यंत हसली. "तरीच! तरीच म्हटलं भांडी घासतो, आणि न सांगता! अरे देवा. मी काय त्या बाप्यावर..." पुढे बोलताच येईना तिला. मीही हसायला लागलो.

मग एकदम थांबून तिने विचारलं, "आणि मास्तरांवरचं प्रेम? ते खोटं होतं का मग?"

"नाही. तेही खरं. दोन्ही खरी. ती स्वतःच लिहून गेलीय तसं. लोक विचारायचे यातलं खरं कुठलं, तर ती चिडायची."

"चिडेलच. याला काही शब्द असेल ना?"

"बायसेक्शुअल म्हणतात. मराठीत उभयलैंगिक."

"हे काय औषधाचं नाव आहे?" आई म्हणाली. "दोघांवर जीव होता म्हण ना. कळतं." मग पट्टा सोडला. "चल, स्वेटर बघू. आणि आज घरी गेल्यावर पहिल्या पानापासून. खंड पडलाय."

"सगळं?"

"सगळं. आणखी कुठे कुठे हात फिरवलायस मला काय माहीत."

एका ठिकाणी फिरवला होता. मास्तरांच्या बहिणीने हिला दिलेली एक घाणेरडी शिवी मी सौम्य केली होती. ती मी तिथल्या तिथे, दुकानाच्या दारात, आईच्या कानात मूळ रूपात सांगितली. "अगदी पुण्यातली वाटते," आई म्हणाली.

गुरुवारी मी रजा टाकली. आईला हाताला धरून त्या खोलीत नेलं आणि मागे बसलो. तिने सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं असतं तर ते न्याय्यच होतं.

"किया ओरा," आई म्हणाली. इथला हा नमस्कार तिला लेकीने शिकवला होता. सगळे हसले. "मी तुम्हाला त्या ऑर्गनवाल्याबद्दल जे सांगत होते ते चुकीचं होतं. मला आधी नीट कळलं नव्हतं. तो माणूस नव्हता. ती बाई होती." आणि पुढे गेली. माझ्याबद्दल अवाक्षर नाही.

तिने मास्तर सांगितले, इस्त्री सांगितली, विहिरीवरचे केस सांगितले. प्रकाशकाची गोष्ट सांगताना तर तिचा आवाज असा लागला की थर्मासचं झाकण उघडायला गेलेल्या एका आजोबांचा हात तसाच राहिला. मी खुर्चीच्या कडेवर आलो होतो. ही माझी आई होती, ही!

मग काका उठले. काका म्हणजे निवृत्त बँक अधिकारी, कट्ट्याचे चालक.

"वहिनी, तुम्ही बोलता छान. पण हा विषय आपल्या वयाला... म्हणजे इथे कशाला?"

"मागच्या वेळी तुम्ही तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे फोटो दाखवलेत, काका," आई म्हणाली. "आतले. आम्ही बघितले ना? मला तर दिसतही नाही, तरी मी बसले."

खोलीत हशा पिकला. काकाही हसले, जरा उशिरा, पण हसले. दोन जण चहा न घेता लवकर उठून गेले, तेही खरं. काकांनी नंतर चिवड्याची ताटली स्वतः आईपुढे आणली.

नाशिकच्या आजींनी विचारलं, "पण मग नवऱ्याला ती विसरली का हो?"

"विसरली नाही. ती दुसरी तिला विसरू देत नव्हती."

"म्हणजे माझ्या मुलीसाठी नाहीच काही," आजी म्हणाल्या, आणि दोघी म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून हसल्या.

परत येताना गाडीत मी म्हणालो, "माझं नाव घेतलं नाहीस."

"कशाला घ्यायचं? दुरुस्त झालं ना." आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला एकदम लक्षात आलं की ती खिडकीतून बाहेर बघत नाहीये. अशी बसली की मी तिला दिसतो. बॉम्बेच्या टेकडीवरही ती अशीच बसली होती.

आम्ही पहिल्या पानापासून सुरू केलं. नाश्त्याला, मटार सोलताना, लेकीच्या पोहण्याच्या क्लासला बाहेर थांबून, मिळेल तिथे. व्हिसा संपत आला तेव्हा शेवटचं प्रकरण राहिलं. विमानतळावर वाचू म्हटलं, पण तिथे सामानाच्या वजनात वेळ गेला. आई पुण्याला परत गेली.

शेवटचं प्रकरण आम्ही फोनवर वाचलं. आमच्याकडे रविवारची संध्याकाळ, तिच्याकडे दुपार. मी व्हिडिओ लावला तरी ती फोन कानालाच लावते, त्यामुळे मला पडद्यावर फक्त तिचा कान आणि एक कुडी दिसत होती. मी वाचत गेलो. ऑर्गनवाली आधी गेली होती. म्हातारी फ्रेंच बाई आता उभी राहू शकत नव्हती, तिने टेबलाचे पाय कापून घेतले होते आणि खुर्चीत बसून लिहायची. शेवटच्या पानावर ती डोळे मिटून आपल्या दोघा माणसांची शरीरं आठवते. मास्तरांचे खडूचे हात. आणि मग एक वाक्य होतं, ऑर्गनवालीच्या ओठांबद्दल, मानेबद्दल, आणि या म्हाताऱ्या देहात अजून जागी होणाऱ्या इच्छेबद्दल.

माझी जीभ पुन्हा टाळ्याला लागली. एवढं सगळं होऊनही. आईसमोर, स्वच्छ मराठीत, इच्छा. मनात एक मऊ, सोवळं वाक्य तयारही झालं.

"थांबलास," आई म्हणाली.

"नाही, पान उलटत होतो."

"पान उलटल्याचा आवाज मला माहीत आहे." पडद्यावरची कुडी हलली. मग तिचा तो जुना आवाज आला, रात्रपाळीचा, मी लहानपणी ऐकलेला. "लाइन चालू आहे. बोला."

मी बोललो. ओठ म्हणालो, मान म्हणालो, इच्छा म्हणालो. बाईने लिहिलं होतं तेवढं सगळं, तिच्या बंदराच्या गावापासून पुण्यापर्यंत. पलीकडून रस्त्यावरच्या एका रिक्षाचा भोंगा ऐकू आला.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं. संपलं."

"मी शिरा केलाय समाप्तीचा. तूपण कर. बायकोला नको सांगूस करायला, स्वतः कर." तिने फोन कानापासून काढला आणि पहिल्यांदा पडद्यावर तिचं तोंड दिसलं, माझ्यापासून पूर्ण बाजूला वळवलेलं.

मी स्वयंपाकघरात गेलो आणि रवा कुठल्या डब्यात असतो ते शोधायला लागलो.